एकोणसाठपैकी एकोणसाठ पास, तरी खटका तुटतो

इन्फ्युजन पंप म्हणजे रुग्णाच्या शरीरात औषध ठरावीक वेगाने सोडणारं यंत्र. त्याच्या पुढच्या दाराला एक प्लॅस्टिकचा खटका असतो. दार लावलं की तो चौकटीत अडकतो आणि दार आतल्या नळीला पंपाच्या बोटांवर, म्हणजे नळी दाबत औषध पुढे ढकलणाऱ्या दट्ट्यांवर, दाबून धरतं. पंपाच्या किमतीत खटक्याचा वाटा नगण्य. पण तो सुटला तर नळीवरचा दाब जातो, आणि वर टांगलेल्या पिशवीतलं औषध नुसत्या उंचीच्या जोरावर मोकळं वाहायला लागू शकतं. त्यासाठी दार उघडं असल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, नळीवर वेगळा चिमटा असतो. तरीही जोखमीच्या यादीत खटका वरच्या बाजूलाच बसतो. एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१० मध्ये इन्फ्युजन पंपांसाठी खास सुधारणा मोहीम सुरू केली, तेव्हा आधीच्या पाच वर्षांत म्हणजे २००५ ते २००९ या काळात त्यांच्याकडे सुमारे ५६,००० तक्रारी आल्या होत्या आणि ८७ वेळा पंप बाजारातून परत बोलवावे लागले होते. त्या सगळ्या खटक्याच्या नव्हत्या. पण या यंत्राकडे इतक्या बारकाईने का पाहतात, ते त्यावरून कळतं.

अशाच एका खटक्याचं हे प्रकरण. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीला इंटर्नशिपमध्ये मिळालेलं. हे कुठल्या एका कंपनीत जसंच्या तसं घडलेलं नाही. रिलायबिलिटी टेस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तू ठरलेल्या आयुष्यभर न बिघडता टिकते का हे तपासण्याच्या कामात, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते उभं केलं आहे, आणि खटक्याची मापं, नमुन्यांचे निकाल वगैरे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. प्रमाणकं, सूत्रं आणि प्लॅस्टिकचं वागणं मात्र खरं आहे.

पास झालेली टेस्ट

परत आलेल्या पंपांची तक्रार एकच: दार नीट लागत नाही. पाहावं तर खटका मुळाशी तुटलेला. आणि फाइलमध्ये रिपोर्ट होता निर्विवाद पास.

तो रिपोर्ट कसा तयार झाला ते आधी पाहू, कारण त्यातल्या हिशेबात काहीच चुकलेलं नव्हतं. पंपाचं आयुष्य ७ वर्षं धरलं, दार दिवसाला ४ वेळा उघडून लावतात असं धरलं. ४ गुणिले ३६५ गुणिले ७, म्हणजे १०,२२० वेळा. त्याच्या दीडपट, १५,३३० सायकल; एक सायकल म्हणजे दाराची एक उघडझाप. नमुने किती घ्यायचे त्याचं सूत्र या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं. एकही नमुना फेल न होता टेस्ट पार पाडायची असेल तर १ वजा कॉन्फिडन्स याच्या लॉगला रिलायबिलिटीच्या लॉगने भागायचं. ९५ टक्के कॉन्फिडन्सने (खात्रीने) ९५ टक्के रिलायबिलिटी, म्हणजे शंभरातले निदान ९५ टिकतील असं, दाखवायचं तर उत्तर ५८.४ येतं, म्हणजे ५९ नमुने. तेवढ्याच कॉन्फिडन्सने रिलायबिलिटी ९० टक्क्यांवर भागत असेल तर २९ पुरतात. ९९ टक्के हवे असतील तर थेट २९९. यातला कुठला आकडा घ्यायचा ते आयएसओ १४९७१, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या जोखमीसाठीचं प्रमाणक, सांगत नाही. जोखीम कशी तोलायची याची पद्धत ते देतं. आकडा कंपनीने धोक्याच्या गंभीरतेवरून ठरवायचा आणि विचारलं तर त्याचं समर्थनही करायचं.

फिक्स्चर, म्हणजे टेस्टसाठी उभारलेली यंत्रणा, साधं होतं. हवेच्या दाबावर चालणारा न्यूमॅटिक सिलिंडर दार ढकलतो, दुसरा खटका दाबून दार उघडतो, पीएलसी हा नियंत्रक मोजत राहतो. एका वेळी चार पंप, मिनिटाला १० सायकल. एक बॅच साडेपंचवीस तासांत आटोपते, पंधरा बॅचमध्ये ५९ नमुने संपतात. सगळे पास.

इंटर्नला दिलेला प्रश्न इतकाच: खटका तुटतो हेही खरं आणि टेस्ट पास झाली हेही खरं, तर दोन्ही एकत्र खरं कसं?

तुटलेला तुकडा

अशा वेळी पहिला मोह होतो तो फिक्स्चर पुन्हा चालू करण्याचा. सायकल दुप्पट करू, कधीतरी तुटेलच. तिचाही बेत तोच होता. लॅबमधले जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी अडवलं. "मशीन कुठं पळून जात नाही गं. आधी तुटलेला तुकडा बघ."

स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली, बाजूने तिरका उजेड टाकून, तिने परत आलेले खटके एकेक करून पाहिले. आकड्याच्या, म्हणजे खटक्याच्या चौकटीत अडकणाऱ्या भागाच्या, मुळाशी, आतल्या कोपऱ्यात तुटलेले. तुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत, जवळजवळ आरशासारखा. कडेला पांढुरकेपणा नाही, प्लॅस्टिक ओढलं गेल्याची खूण नाही. तडा एका जागेवरून निघालेला नव्हता. कोपऱ्याच्या रेषेवर चार-पाच ठिकाणी सुरुवाती होत्या आणि पुढे त्या एकमेकींत मिसळल्या होत्या. मग तिने नवा खटका पकडीने ओढून मुद्दाम तोडला. त्याचा चेहराच वेगळा: पांढरा पडलेला, ताणलेला, खरबरीत. वारंवार वाकवून थकवा येऊन तुटलं असतं तर तडा थांबत थांबत पुढे सरकल्याच्या रेषा दिसायला हव्या होत्या. त्याही नव्हत्या.

आणखी एक गोष्ट तिने वहीत टिपली, तेव्हा तिला तिचं फारसं महत्त्व वाटलं नसावं. दाराच्या फटीत, खटक्याच्या मागे, पांढरट चिकट साका होता.

माझ्या मते या इंटर्नशिपमधला सर्वात मोलाचा वेळ हाच. टेस्टिंगला आलेली मुलं बहुतेक सूत्रं आणि सॉफ्टवेअर शिकून येतात. तुटलेल्या तुकड्यावर तासभर बसायची सवय कुणाला नसते, आणि ती वर्गात लागणंही कठीण.

खापर कोणावर

डिझाइनच्या बैठकीत पहिलं मत अपेक्षेप्रमाणेच आलं: नर्स दार आपटतात. खापर वापरणाऱ्याच्या हातावर फोडणं सोपं असतं, कारण तो हात बैठकीला हजर नसतो. पण हे मत नुसतं झटकून टाकण्यासारखंही नव्हतं. सिलिंडर दाराला बरोबर मध्यभागी, सरळ रेषेत ढकलत होता. माणूस तसं करत नाही. रिकाम्या पंपावर लोकांना नळी बसवून दार लावायला सांगितलं, तर बहुतेकांनी अंगठ्याने खालचा कोपरा दाबला. एका हातात सामान असलेल्याने कोपराने ढकललं. लोड सेल (बळ मोजणारा सेन्सर) लावून बळ मोजलं. सिलिंडरपेक्षा माणसांचं बळ जास्त होतं आणि तिरकं होतं.

तेव्हा तिने फिक्स्चरचा ढकलणारा दांडा कोपऱ्यावर सरकवला, बळ वाढवलं. हे करताना काकांनी आणखी एक भोक दाखवलं. "हा काउंटर सिलिंडरचे स्ट्रोक मोजतो. खटका लागला की नाही, हे त्याला काय ठाऊक?" खरंच होतं. खटका तुटून खाली पडला असता तरी आकडा पुढे सरकतच राहिला असता, आणि फेल झालेलं कळलं असतं ते बॅच संपल्यावर दार ओढून बघताना. तिने प्रत्येक सायकलला दार ओढून पाहणारा लोड सेल बसवला आणि पकडीचं बळ ठरावीक मर्यादेखाली गेलं की स्टेशन आपोआप थांबेल असं केलं. एका रात्री सिलिंडरची हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकला, चारही नमुने अर्ध्यावर थांबले. ते टाकून द्यायचे नाहीत आणि गुपचूप पुढेही चालवायचे नाहीत. विचलन म्हणून लिहायचं, कारण द्यायचं, ठरवायचं. वैद्यकीय उपकरणांच्या कामात हे लिखाण निम्मं असतं आणि नव्याला ते जाचतं. पण वर्षभराने कुणी विचारलं की या चार नमुन्यांत खंड का आहे, तर वही सोडून सांगणारं कुणी नसतं.

सुधारलेल्या फिक्स्चरवर खटके पुन्हा १५,३३० सायकल चालले. आकड्याचं टोक पहिल्यापेक्षा जास्त झिजलं. तुटलं एकही नाही. आपटण्याचा मुद्दा तिथेच संपला.

वेग वाढवताना काय गाळलं

आता त्या पांढरट साक्याकडे. पंप प्रत्येक रुग्णानंतर पुसला जातो, मध्येही पुसला जातो, आणि पुसायला जी जंतुनाशकं वापरतात त्यातल्या पुष्कळांत क्वाटर्नरी अमोनियम संयुगं असतात. खटका पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या दोन प्लॅस्टिकच्या मिश्रणाचा. हे मिश्रण दणकट, पण त्यातल्या रेणूंच्या साखळ्या बऱ्याच अंशी अस्ताव्यस्त गुंतलेल्या असतात. काही द्रव त्यांच्यात शिरून त्यांची आपसातली पकड सैल करतात. प्लॅस्टिक विरघळत नाही, त्याची रासायनिक मोडतोडही होत नाही. नुसतं ओलं झालं तर बहुधा काहीच होत नाही. पण त्याच वेळी ते ताणाखाली असेल तर साखळ्या सरकतात, सूक्ष्म भेगा पडतात, त्या जुळून तडा होतो. गुळगुळीत पृष्ठभाग, अनेक सुरुवाती, पांढरेपणा नाही: तुटलेल्या तुकड्यावरची सगळी लक्षणं जुळत होती. याला पर्यावरणीय ताण-तडकणं म्हणतात, आणि प्लॅस्टिकच्या वस्तू अकाली तुटण्याच्या मोठ्या कारणांत ते मोडतं.

पण ताण कुठून आला? खटका लागला की तो मोकळा व्हायला हवा. ताण फक्त अडकण्याच्या क्षणापुरता. तिने ड्रॉइंगवरची मापं आणि टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्तपणा) मांडले तेव्हा दिसलं की ते एका बाजूला गेले तर दार लागलेल्या स्थितीतही आकडा ०.६ मिलिमीटर वाकलेलाच राहतो. एका टोकाला धरलेल्या पट्टीचं सूत्र लावलं: दीड गुणिले जाडी गुणिले वाक, भागिले लांबीचा वर्ग. जाडी २ मिमी, लांबी १५ मिमी. स्ट्रेन, म्हणजे वाकल्याने माल किती ताणला जातो त्याचं प्रमाण, आला ०.८ टक्के. पॉलिकार्बोनेट कायमचं वाकायला सुमारे ६ टक्के लागतात, त्यामुळे डिझाइन करणाऱ्याला ०.८ मध्ये काहीच वावगं दिसलं नव्हतं. कोरड्या हवेत ते वावगं नाहीच.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. मिनिटाला १० सायकल म्हणजे एक सायकल ६ सेकंदांची. त्यातले साधारण ३ सेकंद दार बंद. खऱ्या वापरात दार लागलं की तासन्‌तास बंद राहतं, आणि पंप पुसतात तोही दार बंद असतानाच. ओल फटीतून आत ओढली जाते, वाकलेल्या आकड्याच्या कोपऱ्यात साचते, हळूहळू सुकते. ताण, द्रव आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तडा. टेस्टमध्ये द्रव नव्हताच, पण कुणी फिक्स्चरवर जंतुनाशक शिंपडलं असतं तरी वेळ नव्हती. सात वर्षांच्या सायकल एका दिवसात बसवताना नेमकी तीच गाळली गेली होती. ५९ पैकी ५९ हा निकाल उघडझापीच्या झिजेबद्दल होता आणि तेवढ्यापुरता तो आजही खरा आहे.

नवी टेस्ट

प्रोटोकॉल आधी, टेस्ट नंतर. पास-फेलची अट नमुन्याला हात लावण्याआधी कागदावर. तिने चार गट केले, प्रत्येकात १२ खटके. दार बंद आणि जंतुनाशकाने पुसलेले. दार बंद आणि पाण्याने पुसलेले. दार उघडं आणि जंतुनाशकाने. दार उघडं आणि पाण्याने. ताण आणि द्रव वेगवेगळे करायचे तर चारही गट लागतात. बैठकीत दोन गटांवर भागवा असा आग्रह झाला, तो तिने मानला नाही, आणि ते बरंच झालं. जंतुनाशक एकटंच दोषी निघालं असतं तर उपाय वेगळा, ताणासह निघालं तर वेगळा.

दुसरा आग्रह तापमानाचा. निर्जंतुक पॅकिंगच्या साठवण-आयुष्यासाठी एएसटीएम एफ१९८० हे प्रमाणक वापरतात. त्यात दर १० अंशांना वेग दुप्पट धरला तर २५ ऐवजी ५५ अंशांवर आठपट वेग मिळतो आणि वर्षभराचं काम ४६ दिवसांत होतं. मग इथेही चेंबर तापवा की! पण उष्णतेने पुसलेला द्रव झटकन उडून जातो, आणि वाकवून ठेवलेल्या प्लॅस्टिकमधला ताणही लवकर सैल पडतो. म्हणजे घाई करायच्या नादात तडा पडण्याची शक्यताच घटवायची. तिने तापमान खोलीचंच ठेवलं. दिवसातून पुसण्याच्या वेळा वाढवल्या, पण दोन पुसण्यांच्या मधे सुकायला वेळ राहील इतक्याच. सोबत त्याच मालाच्या पट्ट्या ठरावीक त्रिज्येच्या साच्यांवर वाकवून, आयएसओ २२०८८-३ च्या पद्धतीने, वेगवेगळ्या स्ट्रेनवर जंतुनाशकाखाली ठेवल्या. पट्ट्यांचा फायदा असा की पूर्ण पंप लागत नाही आणि किती स्ट्रेनखाली तडा पडत नाही याचा उंबरठा हाती येतो.

तडे पडले ते फक्त पहिल्या गटात, १२ पैकी ९. बाकी तिन्ही गट स्वच्छ. सायकल टेस्टचे जुने ५९ नमुनेही कपाटात होते; त्यांची मुळं मायक्रोस्कोपखाली पाहिली, एकालाही तडा नव्हता.

मग वाद निघाला तो "फेल" कशाला म्हणायचं यावर. तडा पडलेल्या ९ पैकी ६ खटके दार अजून नीट धरून होते, ओढण्याच्या बळाची अट पार करत होते. जुन्या प्रोटोकॉलप्रमाणे ते पास. गुणवत्ता विभागातल्या एकाचं म्हणणं, केसाएवढा तडा ही नोंद झाली, फेल नव्हे. इंटर्नने मत दिलं नाही, तडे पडलेले खटके तसेच बंद ठेवून रोज फोटो घेतले. कुणी पुसत नसतानाही तडे वाढत होते, कारण कोपऱ्यात सुकलेला साका आणि ताण दोन्ही तिथेच होते. जोखीम समितीने दहापट भिंगाखाली दिसणारा कुठलाही तडा फेल धरायचा असं ठरवलं. मला हा निर्णय उशिराचा वाटतो, चुकीचा नाही.

फेल झालेल्या नमुन्यांनी एक गोष्ट दिली जी ५९ पास नमुने कधीच देऊ शकत नाहीत: फेल होण्याची वेळ. त्यावर वायबुलचा आलेख काढता येतो, म्हणजे बिघाड काळात कसे विखुरलेत ते दाखवणारा. वालोडी वायबुल या स्वीडिश अभियंत्याच्या १९५१ च्या निबंधामुळे हे वितरण सर्वदूर पोचलं. त्यातला बीटा, म्हणजे वितरणाचा आकार सांगणारा आकडा, १ पेक्षा कमी असेल तर दोष सुरुवातीलाच बाहेर पडतात, १ असेल तर कधीही, १ पेक्षा जास्त असेल तर नुकसान साचत जातं. इथे बीटा १ च्या बराच वर आला. पण तिने एक अडचण स्वतःहून नोंदवली: तडा सकाळच्या तपासणीत दिसतो, पडलेला असतो रात्री कधीतरी. त्यामुळे नेमकी वेळ न धरता दोन तपासण्यांमधला अवधी धरून हिशेब करावा लागतो. नऊ फेल नमुन्यांवरून बीटाचा आकडा फार घट्ट मिळत नाही, हेही तिने अनिश्चिततेच्या पट्ट्यासकट लिहिलं.

हे महत्त्वाचं का, तर पुढच्या पडताळणीला ५९ पंप द्यायला कुणी तयार नव्हतं. आयुष्याच्या दुप्पट काळ टेस्ट चालवायची आणि बीटा २ धरायचा, तर ५९ च्या जागी १५ नमुन्यांत काम होतं. कागदावर छान दिसतं. पण बीटा २ कुठून आणला, या प्रश्नाला उत्तर हवं. मागच्या रिपोर्टमधून उचलला, हे उत्तर चालत नाही. त्याच मालाच्या, त्याच बिघाडाच्या विदेतून आला असला पाहिजे. तिच्या आलेखात बीटाच्या अनिश्चिततेच्या पट्ट्याची खालची कडही २ च्या वर होती, म्हणून १५ मान्य झाले. आणि ते १५ एकाच दिवशी साच्याच्या एकाच कॅव्हिटीतून (पोकळीतून) काढलेले नकोत, मोल्डिंगच्या वेगवेगळ्या लॉटमधले हवेत, अशी अट तिने घातली. मोल्डिंगमधला उरलेला ताण लॉटगणिक बदलतो.

उपाय

सर्वात स्वस्त सूचना आली ती पुस्तिकेत ओळ टाकण्याची: अमुक जंतुनाशक वापरू नये. आयएसओ १४९७१ चा क्रम स्पष्ट आहे. आधी डिझाइनच सुरक्षित करा, ते जमत नसेल तर संरक्षक उपाय, आणि शेवटी सूचना. रुग्णालयात पुसायला काय आणायचं ते संसर्ग-नियंत्रण विभाग ठरवतो, पंपाची पुस्तिका नव्हे.

ड्रॉइंगमध्ये दोन बदल झाले. चौकटीतली खाच सरकवून आणि टॉलरन्स आवळून बंद स्थितीतला वाक ०.२ मिमीवर आणला, म्हणजे स्ट्रेन ०.२७ टक्के, पट्ट्यांवर सापडलेल्या उंबरठ्याच्या खाली. आतल्या कोपऱ्याची त्रिज्या वाढवून जाडीच्या निम्मी केली. त्यापुढे वाढवून ताणात फारसा फरक पडत नाही आणि तिथे जाड भाग झाल्याने मोल्डिंगला खड्डे पडायला लागतात. माल बदलून पॉलिकार्बोनेट-पीबीटी मिश्रण घेण्याचा पर्यायही मांडला गेला, कारण पीबीटी हे प्लॅस्टिक अर्धस्फटिकी आहे, म्हणजे त्याचे रेणू काही अंशी नीट रचलेले असतात, आणि अशा द्रवांपुढे जास्त टिकतं. पण आकसण्याचं प्रमाण बदलतं, म्हणजे साच्यालाच हात लावावा लागतो. ते दुसऱ्या टप्प्यात गेलं.

इंटर्नशिप संपली तेव्हा १५ नमुन्यांची पडताळणी निम्म्यावर होती. रिपोर्टच्या उघड्या मुद्द्यांत तिने शेवटी बॅटरीच्या झाकणाचं नाव टाकलं आहे: तोच माल, बंद असताना वाकलेल्या दोन क्लिपा, आणि पंप पुसताना तेही ओलं होतं. त्याच्या टॉलरन्सचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.